कणूची दोन पानं

१

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी तंजावुरात घरी बसतो तो एक तर आजारी असतो, नाही तर भांडलेला. त्या दिवसाला कणू म्हणायचं. डबे भरायचे, माणसं गोळा करायची आणि नदी गाठायची. नदी नाही जमली तर तळ्याकाठची बाग तरी गाठायची. बागेला इथं सगळे पूंगा म्हणतात, आपली मराठी माणसंसुद्धा.

कमलाक्षी आणि भवानी गेली दहा वर्षं कणूला त्या बागेत जात होत्या. दोघी राजवाड्यामागच्या एकाच गल्लीत वाढल्या, शाळेत एकाच बाकावर बसल्या. कमलाक्षीनं मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, भवानीनं ओरत्तनाडूच्या कचेरीत कारकुनी केली. एकीनं लग्न केलं नाही, दुसरीचं टिकलं नाही. आता साठी उलटली होती, दोघींना गुडघे होते आणि एकमेकी होत्या.

कणूला बहिणीनं भावासाठी कावळ्यांना भात ठेवायचा. हळदीचं ओलं पान घ्यायचं. त्यावर हळदीचा पिवळा भात, कुंकवाचा तांबडा भात, दहीभात, आदल्या दिवसाचा गोड पोंगल आणि उसाचा तुकडा मांडायचा. कावळ्यांनी खाल्लं की भाऊ वर्षभर सुखरूप. जिवंत भाऊ, हे सांगायला नको. मेलेल्यांचे दिवस वेगळे, त्यांची पानं वेगळी, ती ज्यानं त्यानं वेगळी सांभाळायची.

खरं तर हे घरच्या गच्चीवर, अंघोळीआधी करतात. पण दहा वर्षांपूर्वी भवानी म्हणाली, "पूंग्यात ठेवू गे, तळ्याच्या पायरीवर. तिथं कावळे पुष्कळ." कमलाक्षीला तेव्हा नवल वाटलं होतं, कारण भवानीचा पाठचा भाऊ जयतीर्थ याच तळ्यात बुडाला होता. एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी वर आला. त्या पायरीवर बसून या बाईला भात कसा ठेवावासा वाटतो? पण मैत्रिणीला सगळंच विचारायचं नसतं, म्हणून तिनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२

आता त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, काय झालं ते सांगितलं पाहिजे.

कमलाक्षीची आई शेवटच्या अंथरुणावर होती. धाकटा भाऊ श्रीकर कोयंबत्तूरला नोकरीला. आई दोन दिवस त्याचंच नाव घेत होती. कमलाक्षीनं फोन केला, तर तो म्हणाला, "आदितवारी येतो अक्का, त्याच्याआधी सुट्टी मिळत नाही." आई शुक्रवारी गेली. चुलतभावानं अग्नी दिला. आदितवारी सकाळी श्रीकर दारात आला, आणि कमलाक्षीनं दार उघडलं नाही. आतूनच बोलली, "इथं तुझं कोणी नाही. मज भाऊ नाही."

तो तासभर पायरीवर बसून होता. मग उठल्याचा आवाज आला, गल्लीतून पावलं लांब गेली. तो तासभर कमलाक्षी आतल्या बाजूला कडीवर हात ठेवून उभी होती. हे तिनं पुढं कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, कडी काढली नाही ती नाहीच.

रागात माणूस काय वाटेल ते बोलतो, असं आपण म्हणतो. बोलतो खरा. पण ते कोणकोण ऐकून ठेवतं, याचा हिशोब कोणी करत नाही.

पुढच्या पोंगलला भवानीनं विचारलं, "तू श्रीकरच्या नावानं ठेवणार नाहीस ना?"

"नाही."

"मग तो मज दे. जयतीर्थ गेल्यापासून कणूला माझा हात रिकामा. भाऊ असून त्याचा घास ठेवायचा नाही, हे बरं नव्हे गे."

"घे," कमलाक्षी म्हणाली. उरलेली भाजी शेजारणीला द्यावी, तशा आवाजात म्हणाली. "घेऊन टाक."

त्या वर्षापासून भवानी पान मांडायची आणि कमलाक्षी शेजारी बसून बघायची. कावळे यायचे, खायचे. कमलाक्षी तोंड फिरवून तळ्यातल्या नावा मोजायची. पण कावळे आले की तिच्या छातीतलं ओझं उतरायचं, आणि ते तिला ठाऊक होतं.

३

या वर्षी पोंगलच्या आधी चुलतभावाची मुलगी संगीता येऊन सांगून गेली: श्रीकरकाकांच्या काळजाचं ऑपरेशन आहे, कणूच्या दुसऱ्या दिवशी. डॉक्टर काही नीट बोलत नाहीत.

कमलाक्षी तीन रात्री झोपली नाही. त्याचा नंबर लावायची आणि घंटी वाजायच्या आत तोडायची. काय बोलणार होती? अकरा वर्षांचं बोलणं कुठून सुरू करतात? शेवटी तिनं ठरवलं, की फोन करायला तोंड लागतं, भात ठेवायला नुसता हात पुरतो. तर या वर्षी श्रीकरचं पान मी ठेवीन, माझ्या हातानं. मग संध्याकाळी फोन करीन. म्हणीन, श्री, मी ठेवलं रे तुझ्यासाठी. एवढं म्हटलं की पुढचं तो बोलेल.

तिनं भवानीला आधी काही सांगितलं नाही. कणूच्या सकाळी फाटक उघडताच दोघी बागेत शिरल्या. डबे घेतलेली कुटुंबं हिरवळीवर सतरंज्या टाकत होती, मुलांच्या आगगाडीची शिट्टी वाजत होती, सुंडलवाला उकडलेल्या चण्यांची गाडी लावत होता. दोघी मात्र नेहमीप्रमाणे तळ्याच्या मागच्या अंगाला गेल्या. तिथल्या पायऱ्या जुन्या, शेवाळलेल्या. गर्दी तिकडं येत नाही.

भवानीनं वरून चौथ्या पायरीवर पान मांडलं. खाली अजून तीन पायऱ्या, मग पाणी. ती हात झटकते तोच कमलाक्षीनं पिशवीतून दुसरं पान काढलं.

भवानी बघत राहिली. "हे कोणाचं?"

"श्रीकरचं. उद्या त्याचं ऑपरेशन आहे."

"ठाऊक आहे मज," भवानी म्हणाली.

कमलाक्षीचा हात थांबला. हिला कोणी सांगितलं? पण संगीताची जीभ गल्लीभर चालते, तिनंच सांगितलं असेल.

"त्याचं पान मी ठेवलंय की," भवानी म्हणाली.

"माझा भाऊ आहे तो, भवानी."

भवानीनं पाण्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर कमलाक्षीला समजलं असतं. गाडी यायची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा होता.

"ठेव," ती शेवटी म्हणाली. "ठेव की. हात कशाला रिकामा ठेवतेस."

कमलाक्षीनं आपलं पान तिच्या पानापासून दोन हातांवर मांडलं. भात ठेवताना मनात म्हणाली, माझ्या भावासाठी. गडबडीत नाव घ्यायचं राहिलं. तिला वाटलं, नावाची काय गरज, भाऊ आहेच कोण दुसरा.

४

कावळे आले. आठ-दहा असतील. भवानीच्या पानावर तुटून पडले, भांडले, उसाचा तुकडा ओढत नेला.

कमलाक्षीच्या पानाकडं एकही गेला नाही.

आता ही बाई गणिताची. तिनं कारणं शोधली. तिकडं गर्दी झाली म्हणून. माझ्या भातात कुंकू जास्त झालं म्हणून. इकडं ऊन आहे, तिकडं सावली. मग भवानीच्या पानावरचा शेवटचा घास एका कावळ्याच्या चोचीतून निसटला आणि गडगडत येऊन कमलाक्षीच्या पानाला लागून थांबला. कावळा त्याच्यामागून दोन उड्या मारत आला. पानापासून वीतभर अंतरावर आला, मान वाकडी केली, पानाच्या पलीकडं, पाण्याच्या बाजूला बघितलं, आणि उडाला. त्याच्यामागून सगळेच उडाले.

पाण्याच्या बाजूला काही नव्हतं. तीन पायऱ्या आणि हिरवं पाणी.

"येतील," कमलाक्षी म्हणाली.

"हात धुऊन येऊ चल," भवानी म्हणाली. "आपण बसलो तर कोणी येणार नाही."

५

नळ वीस-पंचवीस पावलांवर, चिंचेच्या झाडामागं. भवानीनं हात धुतले, मग कमलाक्षी वाकली. पाणी बारीक येत होतं. हळद नखातून निघेना म्हणून ती चोळत राहिली.

तेव्हा तिला मागून आवाज आला. भुरके मारल्याचा. दहीभात पातळ झाला की पुरुष माणसं पंगतीत मारतात तसला, सावकाश, मनापासून. एक. थोडं थांबून दुसरा.

"ऐकलंस?"

"पंप असेल," भवानी म्हणाली. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पंप असेल, हे कमलाक्षीला पटलं. बागेत पंप असतोच. नळ बंद केला तरी तो आणखी एकदा वाजला, तेव्हा तिनं पदराला हात पुसले आणि जमेल तितक्या भराभर पायऱ्यांकडं निघाली.

पायरीवर कोणी नव्हतं. तिचं पान संपलं होतं. आणि ते घडी घालून ठेवलं होतं.

कुत्रं, तिनं मनाशी म्हटलं. शेळी. भिकारी कोणी. कुत्रं घडी घालत नाही, बरं, मग भिकारी. पण हळदीचं पान मधोमध दुमडून, वर उसाचा तुकडा वजनाला ठेवून कोण जातं?

तिची नजर घडीवर अडकली. इकडच्या मुलखात जेवण झालं की पान कसं मिटायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. लग्नामुंजीला पान आपल्याकडं मिटायचं. म्हणजे जेवण गोड झालं, नातं राहू द्या, पुन्हा येतो. मयताच्या जेवणाला समोर ढकलून मिटायचं. म्हणजे पुन्हा असं जेवायची पाळी येऊ नये. तिचं पान तिच्या बाजूकडून पाण्याच्या बाजूला मिटलेलं होतं. पायरीवर बसून कोणी जेवलं असेल, तर ते त्यानं समोर ढकलून मिटलं. मयताचं. उद्या ऑपरेशन आणि आज हे.

तिनं घडी उघडली. आत दह्याचा सारवा होता, त्यात बोटं ओढल्याच्या चार रेघा. बोटं पाण्याच्या बाजूनं आली होती आणि भात घेऊन पाण्याकडंच गेली होती.

मग तिला उमगलं, की जेवणारा पायरीवर, तिच्या बाजूला बसलाच नव्हता. तो समोर होता. खालच्या पायरीवर, पाण्याच्या बाजूला. त्यानं पान आपल्याकडं मिटलं होतं.

जेवण गोड झालं. नातं राहू द्या. पुन्हा येतो.

६

भवानीचा फोन वाजला. भवानीनं तो पिशवीतून काढला, नाव बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. कमलाक्षीनंही नाव बघितलं. श्रीकर.

"तुज कसा काय फोन करतो तो?"

"दर कणूला करतो," भवानी म्हणाली. "कावळे आले का विचारायला."

"दहा वर्षं झाली, भवानी. तू मज सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

फोन वाजतच होता. कमलाक्षीनं हात पुढं केला. तिला वाटलं, भवानी देणार नाही. भवानीनं लगेच दिला. कुलूप घातलेलं कपाट दुसऱ्याला उघडून बघू द्यावं, इतक्या निवांतपणे दिला.

"भात ठेवलास अक्का?" श्रीकरचा आवाज. थोडा म्हातारा, थोडा धापेचा, पण तोच. "कावळे आले?"

"श्री," कमलाक्षी म्हणाली. "श्री, मी कमला रे."

"कोण?"

"कमला. तुझी अक्का."

"तुम्ही अक्काच्या मैत्रीण का?" तो म्हणाला. "माफ करा, दवाखान्यात आवाज नीट येत नाही. अक्का आहे का तिथं?"

तिनं त्या आवाजात राग शोधला. अकरा वर्षांचा राग लपत नाही, कुठं ना कुठं टोचतोच. तिनं शाळेत हजार पोरींचे बहाणे ऐकले होते, आवाजावरून खोटं ओळखायची. इथं काही नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईशी बोलावं तेवढा आदर, आणि थोडी घाई.

"आई गेली तेव्हा तू दारात आला होतास," ती म्हणाली. "मी दार उघडलं नाही. चुकले रे मी. ऐकतोस ना?"

"असं कसं," श्रीकर म्हणाला. "आई गेली तेव्हा अक्कानंच दार उघडलं. मज कुशीत घेतलं, जेवायला घातलं. ती नसती तर मी त्या दिवशी तळ्यात उडी टाकली असती. तुम्ही फोन अक्काला द्या ना."

आता हे काय होतं? कमलाक्षीनं उत्तर शोधलं, सवयच ती. त्या दिवशी तिच्या पायरीवरून उठून तो चार घरं सोडून भवानीकडं गेला असेल. भवानीनं दार उघडलं असेल. आणि माणसाला जे सोसवत नाही ते माणूस विसरतो, उघडलेलं दार तेवढं ध्यानात ठेवतो. उत्तर बरोबर येत होतं. तरी तिनं ते पहिल्यापासून पुन्हा मांडून बघितलं.

भवानीनं तिच्या हातातून फोन अलगद घेतला. "आले रे राजा, कावळे आले. सगळं खाल्लं. आता भिऊ नको उद्याला." मग फोन छातीशी धरून तिनं कमलाक्षीकडं पाहिलं.

"परत दे मज तो," कमलाक्षी म्हणाली.

"दिलेला भाऊ परत मागतात का गे?"

"मग माझ्या पानावर कोण जेवलं?"

भवानीनं तळ्याकडं बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "बेचाळीस वर्षं उपाशी आहे माझा जयतीर्थ. दर वर्षी इथं येते, त्याच्या समोर दुसऱ्याचा घास ठेवते, आणि तो बघत असतो. मज त्याचं ठेवता येत नाही. माझ्याजवळ जिवंत भाऊ आहे, त्याच्या पानाशेजारी मी मेलेल्याचं कसं मांडू? त्याला बहीण हवी होती, कमला. आणि तुज भाऊ नाही, असं तूच म्हणाली होतीस."

"तू मज थांबवलं नाहीस."

"नाही," भवानी म्हणाली. "नाही थांबवलं."

तिनं पिशवी उचलली, फोन कानाला लावला आणि चिंचेकडच्या वाटेनं निघाली. ती हळू आवाजात हसत बोलत होती, उद्या सकाळी काय खायचं नाही ते सांगत होती. बहिणी बोलतात तसं.

७

कमलाक्षी पायरीवर बसून राहिली. गुडघे उठू देत नव्हते, असं म्हणू. हिरवळीवर शेकडो माणसं होती, हाक मारली असती तर कोणीही आलं असतं. पण हाक मारून सांगायचं काय? की माझा भाऊ मी एका तोंडानं टाकला आणि दुसऱ्या बाईनं दोन्ही हातांनी उचलला, यात तिचं काय चुकलं ते कोणीतरी मला सांगा?

ती रडली. पदर तोंडात घालून, आवाज न करता, आई गेली तेव्हाही रडली नव्हती इतकी रडली. श्रीकर उद्या जगेल, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. त्याच्या पानावरचा कण न् कण कावळ्यांनी उचलला होता. तो जगेल आणि तिला ओळखणार नाही.

खाली पाणी हललं. वारा नव्हता. खालून दुसऱ्या पायरीवर आधी ओल चढली आणि मग त्या ओलीवर दोन हात येऊन टेकले. तिनं मान खाली घातली होती म्हणून हातच दिसले. कोवळ्या मुलाचे, लांब बोटांचे, पाण्यात फार वेळ राहिल्यानं पांढरे पडून सुरकुतलेले. नखांत हळद होती.

वर बघू नये, हे तिला कळत होतं. उठावं, आणि नळाकडं, चिंचेकडं, माणसांकडं चालू लागावं. मग रिक्षा. मग घर. कुलूप आपणच लावायचं, आपणच काढायचं, आणि दिवसभर त्या चार खोल्यांत आपल्या नावाची हाक यायची नाही. उद्या नाही, परवा नाही, पुढच्या कणूलाही नाही.

"अक्का," खालून आवाज आला. लाजरा होता, पहिल्यांदा परक्या घरी आलेल्या मुलाचा असतो तसा.

कमलाक्षीनं डोळे पुसले आणि ओ दिली.